पितरांच्या आधीचं पान

आज माझ्या अप्पांचं वर्षश्राद्ध होतं आणि मी ब्राह्मणांच्या आधी जेवले.

पोटभर. सगळ्यांच्या देखत. खिरीची वाटी चाटूनपुसून.

कुंभकोणमच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एव्हाना बोंब झालीच असेल. होऊ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मला लहानपणापासून डायबेटिस आहे. टाइप वन. इन्सुलिन घेतलं नाही तर मी जगत नाही. घेऊन जेवले नाही, तरी जगत नाही. इतकं सोपं आहे, पण आमच्या नातेवाइकांना आजवर कळलेलं नाही.

दुसरीत होते तेव्हा निदान झालं. हॉस्पिटलातल्या सिस्टरनं अम्मा-अप्पांना टोचायला शिकवलं. आधी लिंबावर. मग सिरिंजमध्ये नुसतं सलाईन भरून एकमेकांच्या दंडावर.

अप्पा तिरुभुवनच्या रेशीम सोसायटीत नोकरीला. सुई हातात आली की घामाघूम.

"बयप्पडादींग सार," सिस्टर म्हणायची. घाबरू नका.

"मला टोचा हो हवं तितकं," अप्पा म्हणायचे. "तिला टोचायचं म्हटलं की हातच चालत नाही."

पण शिकले. रोज जागा बदलायची. बुडबुडा काढायचा. वापरलेली सुई पत्र्याच्या डब्यातच टाकायची. आणि सिस्टरनं पुन्हा पुन्हा घोकून घेतलेली गोष्ट: टोचल्यावर जेवण लांबवायचं नाही.

नातेवाइकांचा धोशा वेगळाच. "कुणाला सांगू नका बरं. पोरीचं लग्न व्हायचंय."

माझी शुगर राहिली बाजूला, यांना माझ्या लग्नाची पडलेली!

त्याच वर्षी थोरल्या काकांच्या घरी आजोबांचं श्राद्ध होतं. काका म्हणजे अप्पांचे सख्खे मोठे भाऊ. सोवळ्यातला स्वयंपाक, कुणी कशाला शिवायचं नाही. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत घरात कुणाच्या तोंडात पाण्याशिवाय काही जायचं नाही.

माझी इन्सुलिनची वेळ झाली. अम्मानं काकांना विचारलं, "भाऊजी, पानं कधी मांडायची? हिला टोचायचंय."

"ब्राह्मण आलेच. दे टोचून."

दिलं तिनं.

ब्राह्मण साक्कोट्टैला दुसऱ्या श्राद्धात अडकलेले. आले आले म्हणता येईचनात.

मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. समोरची माणसं धूसर दिसायला लागली. अम्मा घाबरली. साखरेचा डबासुद्धा सोवळ्यात, चुलीपाशी.

"भाऊजी, हिची शुगर उतरतेय. काहीतरी खायला देते."

"पितरांच्या आधी? अजून थोडं थांबली तर मरते काय पोर?"

हो काका. मरते.

अप्पा उठले. सरळ चुलीपाशी गेले आणि पितरांसाठी निवत ठेवलेल्या खिरीच्या पातेल्यात हात घातला. बोटात दर्भाचं पवित्रक तसंच होतं. त्याच हातानं त्यांनी मला खीर भरवली.

दर्भ ओठाला टोचला. आयुष्यात इतक्या सुया टोचून घेतल्या, त्यातली एकही आठवत नाही. तो दर्भ आठवतो.

"सगळा स्वयंपाक बाटवलास!" काका ओरडले. "बाबा उपाशी गेले आज!"

"बाबांना मी सांगेन काय सांगायचं ते," अप्पा म्हणाले. "आधी पोर."

त्यानंतर काकांकडचं बोलावणं बंद झालं. अप्पा आपल्या वडिलांचं श्राद्ध आमच्या घरी वेगळं करायचे, आणि दर वर्षी ब्राह्मण बसायच्या आधी माझं पान मांडायचे. मी नोकरीला लागल्यावरसुद्धा त्या दिवशी इन्सुलिनच्या पेनवरचा डोसाचा आकडा तेच लावून द्यायचे. लोक हसायचे. अप्पांना ढिम्म फरक पडायचा नाही.

गेल्या वर्षी अप्पा झोपेतच गेले. काका आले आणि चारचौघांत म्हणाले, "किती धार्मिक होता हो माझा भाऊ."

मी दात-ओठ खात उभी होते.

आज श्राद्धाला काकांचा मुलगा कर्ता. मुलगी चालत नाही म्हणे. ठीक आहे, त्यावर नाही भांडले.

पण ऐका. काका आता स्वतः इन्सुलिनवर आहेत. सकाळी आमच्याकडे आले तेच सुई टोचून, इडल्या हाणून. वर मलाच सांगतात, "वय झालं ग. आजाऱ्याला शास्त्रात सूट आहे."

अस्सं? ही सूट तेव्हा कुठे होती?

आणि मी पेन बाहेर काढल्यावर हेच काका म्हणतात, "तू थांब हं जरा. बापासाठी एवढं तरी कर."

बापासाठी!

माझ्या तोंडात फार वाईट शब्द आले होते. तेवढ्यात अम्मा आतून आली. सोवळ्यात. हातात केळीचं पान. हॉलच्या मधोमध, काकांच्या पुढ्यात तिनं ते मांडलं. भात वाढला, वडे वाढले, खीर वाढली.

"टोच आता," म्हणाली. "पान समोर आहे."

काकांनी मान फिरवली. मी टोचून घेतलं आणि जेवायला बसले. अम्मा वाढत राहिली, ब्राह्मण ओसरीवर थांबून राहिले.

सोवळं मोडलं म्हणताय? मोडलं. माझ्या बापानं ते पहिल्यांदा मोडलं म्हणून ही पोस्ट लिहायला मी आहे.

अप्पा, माझं जेवण झालं. शुगर ठीक आहे.

आता तुम्ही बसा.