नसलेला वास

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. पोरीजवळ नाही, साडूजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवी होती तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजूनही वळत नाही.

डोणगावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. सगळा जन्म त्या उग्र दर्पात गेला, त्यामुळे माझं नाक कधीच कामातून गेलेलं. घरात नाक होतं ते माझ्या बायकोचं, शकूचं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. डाळीच्या पोत्याला ओल लागली की ती दारातूनच सांगायची. शेजारणी नवं तेल वाटीत घेऊन तिच्याकडे यायच्या — खवट तर नाही ना, पाहा म्हणून. ती डोळे मिटून एकदा हुंगायची आणि निकाल द्यायची. तो चुकल्याचं मला आठवत नाही. शिक्षण तिचं अर्धवट सुटलं होतं, दागिन्यांची हौस नव्हती; चारचौघींत मिरवावं असं तिच्याजवळ हे एकच होतं. आणि मी नेमका तिथेच — पण थांबा, आधी गाडीचं सांगतो.

आमची पेट्रोलची जुनी गाडी आहे. साडूची, म्हणजे शकूच्या बहिणीच्या नवऱ्याची, तसलीच. तो साखरखेर्ड्याला राहतो. मेहकरजवळच्या चढावर एकदा तो मला मागे टाकून गेला आणि तेव्हापासून जेवायला बसलो की माझ्या गाडीची थट्टा सुरू. "साडूभाऊ, गाडीले सरकीची ढेप चारत जा जराशी." मी हसायचो आणि आतून जळायचो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असल्या गोष्टीचं एवढं का लागावं? पण लागायचं.

मेहकरचा रशीद मेकॅनिक आमचा जुना माणूस. त्याने सांगितलं की सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो, धुरातलं विष त्यात मरतं. तो काढला की गाडी मोकळी पळते असं लोक समजतात आणि काढून घेतात. "पन धूर मंग वास मारते, डोये चुरचुरतात. पाहा बा तुमी," एवढंही तो बोलला. मी म्हटलं, काढ. डबा कापून त्याने माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ठेवता की भंगारात देऊ? मी तो पोत्यात गुंडाळून आणला आणि गोदामात रिकाम्या खोक्यांच्या मागे सारला. का ठेवला? तेव्हाच मनात काही खटकलं होतं का? खटकलं असेल, तर मी ते ऐकलं नाही.

डबा काढल्यापासून गाडीच्या मीटरमध्ये बिघाडाचा एक पिवळा दिवा लागून राहिला. त्यावर मी देवाचं छोटं स्टिकर चिकटवलं. शकू गाडीत बसली की त्या स्टिकरला हात जोडायची. आणि गाडी? जास्त पळाली असं मला वाटलं खरं. साडूला मात्र त्या चढावर मी कधी गाठू शकलो नाही.

साखरखेर्ड्याच्या पहिल्याच फेरीला मेहकरच्या चौकात गाडी थांबली आणि तिने पदर नाकाला लावला. "कायचा वास येऊन राह्यला हो? मळमळते मले." मी म्हटलं, कुठे काय, मला तर काही येत नाही. ती हसली. "तुमाले काय येते म्हना."

तेव्हा सांगता आलं असतं. ती जराशी रागावली असती, बस. पण तिने बहिणीला सांगितलं असतं, बहिणीने साडूला, आणि साडूला मागे टाकण्यासाठी मी गाडी कापून घेतली हे साखरखेर्ड्यात सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी खोटं बोललो. रशीदला गाडी दाखवली, त्यात काही नाही, असं सांगितलं. पुढच्या फेरीला तिने पुन्हा वासाचं काढलं तर चिडून बोललो. त्याच्या पुढच्या फेरीला म्हटलं, तुझं नाक आता म्हातारं झालं. आणि एकदा साखरखेर्ड्याला भरल्या पंगतीत, सगळे ऐकत असताना, मी म्हणालो की हिला आजकाल नसलेले वास यायला लागलेत. साडू मोठ्याने हसला. सगळेच हसले. शकूही हसली आणि ताटातली भाकरी कुस्करत बसली.

आता खरं सांगतो. वास येत होता. माझ्या मेलेल्या नाकालाही येत होता — गाडी उभी राहिली की घसा खवखवायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मी काच वर करायचो आणि समोर बघायचो.

मग ती बहिणीकडे एस.टी.ने जायला लागली. मेहकरला गाडी बदलून, पिशवी सांभाळत. माझ्यावर राग नव्हता, तिला वाटायचं आपल्याच पोटात काहीतरी बिघाड आहे, उगाच कशाला यांना त्रास. एकदा भर उन्हात मी बसस्टँडवरून गेलो तर ती उभी होती. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिने मला पाहिलं नाही, आणि मी गाडी थांबवली नाही.

पण त्याच आठवड्यात पोतं उघडलं, डबा रशीदकडे नेला आणि पुन्हा जोडून घेतला. पिवळा दिवा विझला. घरी कोणाला काही सांगितलं नाही. तिला म्हटलं, चल, हिवरा आश्रमाला जाऊन येऊ. ती का-कू करत बसली. मेहकरचा चौक आला, गाडी थांबली, तिचा हात सवयीने पदराकडे गेला — आणि तसाच राहिला. तिने एकदा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग खाली मान घालून म्हणाली, "अहो, काहीच वास नाही येऊन राह्यला. तुमीच खरं म्हनत होते. माह्यंच नाक खराब झालं. लय तरास देला मी तुमाले."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, जाऊ दे, होतं असं.

मी तिला माफ केलं. हेच मला सांगायचं होतं. खोटं सगळेच बोलतात, पण माझ्या खोट्याची माफी तिने मागितली आणि मी मोठ्या मनाचा आव आणून ती घेतली. त्या दिवशी तिच्यासाठी आश्रमाबाहेर भजीसुद्धा घेतली.

त्यानंतर तेलाच्या वाट्या आल्या की ती म्हणायची, दुसरीकडे दाखव बाई, मले आता समजत नाही. सकाळी दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरायची — माझ्यापुढे! मी न हुंगताच मान हलवायचो. एकदा पाहुण्यांच्या चहात दूध फाटलं. तिला आधीच वास आला होता, पण तिने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. पाहुणे गेल्यावर तिने हे मला सांगितलं, अगदी साधेपणाने.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. हृदयाचा आजार होता, धुराचा त्याच्याशी संबंध नाही, डॉक्टरांना मी विचारून घेतलं. बुलढाण्याला दवाखान्यात होतो तेव्हा एका दुपारी तिने हळूच विचारलं, "इथं औषधाचा वास येऊन राह्यला, का मलेच येते?" मी म्हटलं, येतो. तिला एवढं बरं वाटलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुढचं बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी संत्रं सोलत बसलो.

हल्ली गावातली पोरं दुकानात विचारतात, काका, सायलेन्सरमधला तो डबा ठेवावा का काढावा? मी सांगतो, ठेवा. काऊन, म्हणून विचारतात. धुराचं विष मरतं, असं सांगतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो.

सकाळी दूध तापवतो, पातेलं नाकाशी धरतो. काही कळत नाही. तसंच पितो. स्टिकर अजून मीटरवर आहे, त्याच्याखाली आता काही नाही. साखरखेर्ड्याला जाताना मेहकरच्या चौकात गाडी थांबली की मी शेजारच्या सीटकडे पाहून मोठ्याने बोलतो. वास येत होता, शकू. मलेही येत होता.