सामान्यतः रहिवासी, पुंडलिकनगर

विनिपेगच्या विमानतळावर मी बॅग काट्यावर ठेवली तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं आणि फोनवर देशपांडे वहिनी ओरडत होत्या. वहिनी आमच्या कॅनडातल्या मराठी मंडळाच्या खजिनदार, पण त्यांचं खरं खातं नागरिकत्वाचं. कुणाचा अर्ज कुठं अडकला, कुणाला परीक्षेत कुठला प्रश्न आला, सगळं त्यांना तोंडपाठ.

"अर्ज टाकलाय ना तू? मग देशाबाहेर पाऊल टाकतेसच कशाला? त्या काळात मी अमेरिकेच्या हद्दीकडे तोंड करून चहासुद्धा प्यायले नाही!"

नियम तसा सोपा आहे. नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी ठरावीक काळ त्या देशात प्रत्यक्ष राहावं लागतं. बाहेर काढलेले दिवस वजा होतात. तडीपारीची शिक्षा उलटी करून द्यावी तशी मी काही वर्षं काढली. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी फोनमधून हजर होते. कुणीतरी मला गुलाबजामच्या पातेल्याला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे वधूवरांऐवजी लग्नभर मला वाढप्याचं पोट दिसलं. अर्ज दाखल झाल्यावर मात्र प्रवासाला मनाई नसते. फक्त बोलावणं आलं की हजर व्हायचं.

मी निघाले होते ते पप्पांसाठी. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. कॅनडाचं घेतलं की भारताचं सुटतं. हे मी फोनवर सांगितलं, त्या दिवसापासून माझा फोन आला की पप्पा तो आईच्या हातात देत आणि गच्चीवर जात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस संविधानाची प्रत उशाशी ठेवून झोपतो. त्यांच्या गच्चीवरच्या फेऱ्या आता थांबवायला हव्या होत्या.

मुंबईला उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्यानं सहज विचारलं, "पुढं कुठं?"

"संभाजीनगर. आईवडील असतात तिथं."

"पण जन्म तर औरंगाबादचा दिसतोय. आईवडील तिकडे कधी शिफ्ट झाले?"

"ते आहेत तिथंच आहेत," मी म्हणाले. "गावाचं नाव शिफ्ट झालं."

तो हसला आणि त्यानं शिक्का मारला. माझ्यापेक्षा माझ्या गावाचा अर्ज लवकर मंजूर झाला होता.

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर विमान उतरलं. थंडीचे दिवस होते, म्हणजे इथल्या लोकांचे. सगळे मफलर, कानटोप्या घालून फिरत होते आणि मला घाम फुटला होता. रिक्षावाल्या चाचांनी आरशातून माझं निरीक्षण केलं.

"बाहर से आये क्या मॅडम? उधर का पक्का हो गया?"

"अर्जी डाली है."

"फिर टाइम लगता. मेरा राशन कार्ड अलग कराने का कब से चालू है. एक बार साहब से मिल लेते ना."

"उधर साहब मिलते नहीं, चाचा. सब कंप्यूटर पे."

"मिलतेच नहीं?" चाचांनी रिक्षाचा वेग कमी केला. "फिर कैसा देश है वो?"

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत दारासमोर आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. मागं पप्पा, इस्त्रीच्या सदऱ्यात. "या," ते म्हणाले. "प्रवास कसा झाला आपला?"

जन्मापासून 'ये गं सुजे' ऐकलेल्या मुलीला हा 'या' फार लागला. आई म्हणाली, "काय ओ, लेकराला असं बोलत्यात व्हय?"

"पाहुण्यांशी नीट बोलावं," पप्पा म्हणाले. चहाही मला ट्रेमधून, बिस्किटांसकट आला. दिवसभर शेजारी येत राहिले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'कधी आली?' आणि दुसरा 'कधी जाणार?' देशपांडे वहिनींनी इथं शाखा काढावी इतकी सगळ्यांना माझ्या मुक्कामाची काळजी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईनं युक्ती केली. आपले पाय दुखतात असं सांगून तिनं आम्हा दोघांनाच खुलताबादला पाठवलं. एसटी दौलताबादचा किल्ला मागं टाकून घाट चढू लागली. उन्हानं पिवळ्या पडलेल्या डोंगरउतारावर शेळ्या होत्या, मधेच पेरूच्या बागा. वेशीतून आत शिरल्यावर दर्ग्याच्या रस्त्याला हार, अत्तर, रेवड्या यांची दुकानं. तिथं आम्ही मावा जिलेबी (खव्याची, काळपट, जाडजूड) खायला बसलो. पप्पांनी पहिल्यांदा मला थेट प्रश्न विचारला.

"तिथल्या परीक्षेत काय विचारलं?"

मी खूश होऊन सांगत सुटले. तिथले प्रांत, राजधान्या, संसद, झेंड्यावरचं पान.

"बरं. आपल्या संविधानात नागरिकत्व कुठल्या भागात येतं?"

मी जिलेबीचा तुकडा परत ताटलीत ठेवला. "तिसऱ्या?"

"दुसऱ्या," दुकानाचे मालक तळता तळता म्हणाले. "एमपीएससीला दोनदा बसलो होतो, ताई. म्हणून तर जिलेबी तळतो."

पप्पा हसले, पण माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या कानटोपीकडे.

पुढचा मुक्काम लासूर स्टेशनला, मामाकडे. पप्पा आले नाहीत. पॅसेंजर गाडीतून उतरले तर मार्केट यार्डाबाहेर मक्याच्या गाड्यांची रांग लागलेली. मामानं शेतातून ताजी मेथी आणली होती. मामीनं ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मेथी वाढली. मी दुसरी भाकरी मोडत असतानाच फोन वाजला. ईमेल होता. परीक्षा मी निघण्याआधीच पास झाले होते. आता शपथविधीचं बोलावणं आलं होतं, आणि ते होतं पुढच्याच आठवड्यात. हजर राहायचं तर परतीचं तिकीट अलीकडे आणावं लागणार होतं.

"शपथविधी?" मामाचा घास हातातच राहिला. "म्हंजी मंत्री करत्यात का तुला?"

"नाही मामा. सगळ्यांनाच घ्यावी लागते."

"सगळेच मंत्री? लई भारी देश हाये!"

मी समजावून सांगितलं. मामानं ते ऐकलं, मान डोलावली आणि विसरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनकडे निघाले तर चौकात फ्लेक्स लागला होता. 'लासूरची भाची कु. सुजाता हिच्या कॅनडा येथील शपथविधीबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर स्थानिक नेत्यांचे मोठमोठे चेहरे, खाली शुभेच्छुक म्हणून मामाचा मित्रपरिवार, आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, मी. चहाच्या टपरीवरच्या एका आजोबांनी माझ्याकडे आणि फ्लेक्सकडे आळीपाळीनं बघितलं. "खातं कोणतं भेटलं, बाई?"

गाडीत बसल्या बसल्या मी निर्णय घेतला. संभाजीनगरला महापालिकेची निवडणूक जवळ आली होती. शपथविधी पुढं ढकलण्याची विनंती करायची, इथं थांबायचं आणि नागरिक म्हणून शेवटचं मत पप्पांच्या शेजारी उभं राहून द्यायचं. मग तरी ते 'ये' म्हणतील. पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. वहिनींना कळवलं असतं तर त्यांना भोवळ आली असती.

घरी जाण्याआधी मी गल्लीच्या टोकाला शिंदे बाईंकडे गेले. त्या शाळेत शिकवतात आणि आमच्या भागातल्या मतदारयादीचं कामही त्यांच्याच गळ्यात असतं.

"जय भीम, बाई. माझं नाव कुठल्या केंद्रावर आहे?"

शिंदे बाई अवघडल्या. "तुझं नाव नाय गं आता. मागंच काढलं."

"कुणी?"

"मी तर ठेवणार होते. म्हटलं, लेकीचं नाव आहे, राहू द्या. पण मतदार सामान्यतः इथला रहिवासी पाहिजे ना! तुझ्या पप्पांनीच सांगितलं, पोरगी इथं राहत नाही, नाव काढा. आणि मग चहासुद्धा घेऊ न देता आत निघून गेले."

मी रागानं घरी पोचले. पप्पा गच्चीवर होते. जिना चढताना मला हसूही येत होतं. कॅनडानं माझे दिवस मोजले होते ते मी समजू शकत होते. इथं माझ्या जन्मदात्यानंच ते मोजून मला नापास केलं होतं.

"पप्पा, नागरिकत्व सोडते म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. आणि माझं नाव तुम्हीच काढून टाकलंत?"

ते कठड्याला टेकले.

"खोटं सांगू का मग? आयुष्यभर खात्याच्या हजेरीपटावरची दुसऱ्यांची खोटी नावं काढायला लावली मी. स्वतःच्या पोरीचं ठेवू?"

"तसं नाही. पण मग राग कसला?"

"राग तुझ्यावर नाय." त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली. "इथलं नाव गेलं. तिथं तुला नाव नाय. इतकी वर्षं तू कर भरती, कामाला जाती, आणि कुणाला निवडायचं ते तुला कुणी विचारत नाय. माझ्या आज्याला गावात कुणी काही विचारत नव्हतं. तुझं नाव काढलं त्या दिवशी मला तेच आठवलं. तुझ्याशी बोलायला बसलो की तेच आठवायचं."

मी शपथविधी पुढं ढकलणार असल्याचं सांगितलं, तसे ते एकदम पाटबंधारे खात्यात परत गेले. "वेडी का काय तू! आलेली तारीख कुणी सोडतं व्हय? खाली चल. तिकीट बदल आधी. आणि हे बघ, शपथ घ्यायची तर मनापासून घ्यायची. नुसते ओठ हलवायचे नाय."

त्या रात्री पप्पांनी शहागंजाकडून नान-खलिया (तंदुरी नान आणि मटणाचा तिखट रस्सा) बांधून आणला, आणि जेवताना माझ्या ताटातलं नळीचं हाड न विचारता उचललं. पाहुण्याच्या ताटातलं कुणी उचलत नाही. विमानतळावर निरोप देताना आई रडली. पप्पा म्हणाले, "जा सुजे. पोचल्यावर फोन कर."

शपथविधीच्या हॉलमध्ये आम्ही अनेक देशांची माणसं उभी होतो. शेजारचे फिलिपिनो काका घोगऱ्या आवाजात शपथ घेत होते. मी मनापासून घेतली. ओठांनी जरा जास्तच मेहनत केली. नंतर भारतीय पासपोर्ट परत करायला गेले तेव्हा तो काउंटरवर सरकवताना हात थोडा वेळ त्याच्यावरच राहिला. आता आईवडिलांकडे जायला मला व्हिसा लागेल आणि प्रवासाचं कारण द्यावं लागेल. 'नळीचं हाड' असं लिहिता येत नाही, म्हणून 'पर्यटन' लिहीन.

काही महिन्यांनी इथं स्थानिक निवडणूक आली. मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. रांग नाही, भोंगे नाहीत, कुणाच्या नावानं कुणी ओरडत नाही. मत देऊन बाहेर आले आणि गाडीत बसून पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन आईला दिला नाही.

"बोट दाखव," ते म्हणाले.

"इथं शाई लावत नाहीत, पप्पा."

"शाई नाय?" त्यांना ते पटेना. "मग मत दिल्याचं लोकांना कळणार कसं?"

"आपणच सांगावं लागतं."

"मग सांग की सगळ्यांना," पप्पा म्हणाले.

म्हणून सांगते आहे.