जळक्या ऑईलचा गुण

चाकणजवळ माझा जनावरांचा दवाखाना आहे. काळा कुत्रा आला की मी आधी त्याच्या पाठीला बोट लावून पाहते. बोट काळं झालं, की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी गावातले एक आजोबा गोणपाटात गुंडाळून कुत्री घेऊन आले. तांबडी आहे म्हणाले. मला तरी ती काळीकुट्ट दिसत होती.

"खरूज हाय, ताई. पोरानं कंपनीतनं जळकं आईल आणलं, ते चोपडलं. आता खात न्हाई, नुसती वकती."

ओकणारच. अंग चाटून चाटून मशीनचं ऑईल तिच्या पोटात गेलं होतं. आणि खरूज नव्हतीच मुळी. कातडी खरवडून तपासली. जंतूंमुळे पुवाचे फोड आले होते, एवढंच. गोळ्यांनी सहज बरे झाले असते.

"स्वतःच्या अंगाला लावाल का हे?" मी ओरडले.

"आमी काय कुत्री हाय व्हय?" आजोबा शांतपणे म्हणाले.

खाण्याचं तेल चोळून, मग भांड्यांच्या साबणानं धुऊन तो राप काढता काढता माझे हात सोलवटले. कुत्रीला सलाईन लावलं. वाचेल याची मला खात्री नव्हती.

ती वाचली. पुढचं आजोबांनी मात्र चोख केलं. औषधी शाम्पूचा फेस सांगितला तेवढा वेळ अंगावर ठेवला, फोड गेल्यावरही मी सांगेपर्यंत गोळ्या भाकरीतून चारल्या. तांबडी पुन्हा तांबडी झाली. दाखवायला आले तेव्हा म्हणाले, "आईलचा गुण आला बघा."

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्यानं वकारी थांबली की."

मी कपाळावर हात मारला. भांडायला हवं होतं, पण बाहेर रांग होती.

थोड्याच दिवसांत त्यांच्या भावकीतला एकजण गोणपाट घेऊन आला. आत पिल्लू होतं. बोट लावलं, काळं झालं.

"कुणी सांगितलं हे?"

"आमच्या आण्णांनी. त्यांची कुत्री बरी झाली न्हवं का."

पिल्लू टेबलावरच गेलं. रागानं मला रडूही येईना. त्या माणसाला गाडीत बसवलं आणि पिल्लू न धुता तसंच आजोबांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तांबडी शेपूट हलवत आली.

आजोबांनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो काळा हात कुठं पुसावा ते त्यांना कळेना.