फ्रेंच गाणं, चाळीस डिग्री आणि केतकीचे बाबा

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या गिप्सलँडला लोक हिरव्या टेकड्या बघायला जातात. मी गेले केतकीच्या गाण्यासाठी, आणि परत येईपर्यंत माझं डोकं पार उठलं होतं.

केतकी माझी फ्लॅटमेट. मेलबर्नच्या क्लेटन भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाचजणी राहायचो. तेव्हा सगळेच स्टुडंट्स तसेच राहायचे. तिचे बाबा मिरजेला गाणं शिकवतात. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली ही मुलगी अकाउंटिंग शिकायला मेलबर्नला आली, रियाज सुटला, आणि तेव्हापासून बाबांनी तिच्या गाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता ते आमच्याकडे राहायला आले होते. त्यातच युनिव्हर्सिटीच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, तिला सोलो मिळाला: एका फ्रेंच संगीतकाराचं ख्रिसमसचं गाणं, वॉरगुलच्या पुढच्या एका छोट्या गावातल्या चर्चमध्ये. बाबांना ते कसं वाटेल, या एका काळजीने तिची झोप उडाली होती.

ख्रिसमसच्या आधी, तिथल्या भर उन्हाळ्यात, रुळांची कामं काढतात, ट्रेनऐवजी बस देतात. म्हणून आम्ही भाड्याची गाडी घेतली. लायसन्स माझं एकटीचं. रस्ता सरळ फ्रीवेचा, दीड-दोन तासांचा, पण काकांनी, म्हणजे केतकीच्या बाबांनी, एसी लावू दिला नाही.

"काका, बाहेर चाळीस डिग्री आहे."

"घसा धरतो एसीने."

तुम्ही जाल तेव्हा एसी लावा आणि वॉरगुलला बेकरीत थांबा, भाज्यांचं सारण भरलेली पेस्टी चांगली मिळते. काका त्या पेस्टीला "वा, छान" म्हणाले. गायींनाही म्हणाले. पेट्रोल पंपावरच्या स्वच्छ टॉयलेटलाही.

चर्चला तिकीट नाही, दारातल्या डब्यात एखादं नाणं टाकायचं. "नो वरीज लव्ह, सिट एनिव्हेअर," दारातल्या आजी म्हणाल्या. आत पंखाही नव्हता आणि कॉयर बर्फाची गाणी म्हणत होता. मग केतकी उभी राहिली. मला फ्रेंचचं अक्षर कळत नाही, तरी अंगावर काटा आला. काका डोळे मिटून बसले होते. बोटसुद्धा हललं नाही.

नंतर अंगणात चहा आणि स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव होते.

"कसं झालं, बाबा?"

"छान." त्यांनी स्कोनचा घास घेतला. "हेही छान आहे."

परतताना काका मागे झोपले. केतकी खिडकीबाहेर बघत रडत होती.

"अगं, छान म्हणाले ना?" मी वैतागून विचारलं. उकाड्याने माझा जीव चालला होता.

"शिष्यांना ते छान म्हणत नाहीत गं. चुका काढतात. मला आता पाहुण्यांत धरलंय त्यांनी."

मी गाडी चालवली.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतंच. मी खिचडी टाकली. काका आंघोळ करून हॉलमधल्या गादीवर बसले आणि म्हणाले, "त्या वरच्या जागेआधी श्वास का घेतलास?"

केतकी बॅग रिकामी करत होती, ती थांबली. "कॉयरमध्ये सगळे तिथेच घेतात, बाबा."

"घेऊ देत. तू नाही घ्यायचा. बस खाली."

गिप्सलँडच्या टेकड्या मला फारशा आठवत नाहीत. ती फ्रेंच ओळ मात्र अर्थासकट नसली तरी सुरासकट पाठ आहे, कारण खिचडी गार होईस्तोवर काकांनी ती केतकीकडून गाऊन घेतली आणि दर वेळी एकच म्हणाले, "नाही. परत." केतकीला इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.