विहिरीचं पाणी आणि तीन कम्प्यूटर

कम्प्यूटरला माऊस लागतो हे मान्य नसलेला माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघाला. हे माझ्या बायकोचे मामा. मुंबईतल्या एका कचेरीच्या कम्प्यूटर विभागात त्यांनी सगळी नोकरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत काढली. निवृत्त होऊन वसईजवळच्या होळी गावातल्या आपल्या वाडीत, केळी आणि पानवेलीत परतले, तरी पडदा काळाच राहिला. चित्रावर टिचकी मारून काम करणारा माणूस त्यांच्या हिशेबी कच्चा. "लहान पोर बोट दाखवतं. मोठा मानूस तोंडाने बोलतो," असं त्यांचं म्हणणं. आमच्या विरारच्या फ्लॅटवर आले की चहाआधी माझा लॅपटॉप मागतात, माऊस काढून फ्रिजवर ठेवतात आणि परत द्यायला हटकून विसरतात. कॉपी-पेस्ट त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं. एखादं सॉफ्टवेअर टाकायच्या सूचना ते आधी मोठ्याने वाचतात, मग वहीत उतरवतात, मग वहीतून एकेक अक्षर टाइप करतात. चूक निघालीच तर वहीत दुरुस्ती करून बाजूला सही ठोकतात.

असल्या माणसाच्या हातून जगाचं काही भलं होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मामांना घोर लागला होता विहिरीचा. तिघा भावांत मामा मधले. तिघांची घरं ओळीने, मधलं मामांचं, आणि मागे वडिलांची एकच विहीर. एकेका भावाने एकेक दिवस मोटर लावून आपल्या बागेला पाणी द्यायचं, अशी पाळी. सहा वर्षांपूर्वी विहिरीजवळच्या बांधावरच्या एका फणसावरून थोरले आणि धाकटे एकमेकांशी बोलेनासे झाले आणि पाळीचा घोळ सुरू झाला. आज माझी होती, नाही, माझीच होती, हे दोघंही मामांकडे येऊन सांगत. शेवटी थोरल्यांनी स्वतःची बोअर मारायचं ठरवलं, म्हणजे धाकटेही मारणार हे उघडच होतं. आमच्या भागात अशा बोअर मारल्या की खारं पाणी आत ओढलं जातं. मग विहीर गेली आणि तिन्ही बागाही गेल्या. मामांनी भिंतीवर तक्ता लावून पाहिला, तर दोघांनाही त्यात दुसऱ्याची बाजू घेतलेली दिसली. "मानसाचं पटत नाय ना? मग मशीनचं ऐका," म्हणत मामांनी आठवडाभर खपून एक प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर 'पाणी' टाइप करायचं, की एका ओळीत उत्तर येणार: आज पाणी कोणाचं.

आता हा प्रोग्राम तिन्ही घरांत बसवायचा होता. वही धरायला मामांनी मला बरोबर घेतलं. त्यांच्या स्वतःच्या जुन्या मशीनवर लिनक्स, तिथे पाच मिनिटांत झालं. थोरल्यांकडे सुनेचा लॅपटॉप, विंडोजचा. त्याने ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली. थोरले तडक झोपाळ्यावरून उठले. "या घरात परवानगी मी देतो," म्हणत त्यांनी सुनेला बाजूला केलं आणि स्वतः 'होय' दाबलं. धाकट्यांकडे मॅक, परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा तो आईबापांसाठी ठेवून गेला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपण ओळखत नाही, असा इशारा त्याने पडद्यावर दिला. मामा लालबुंद. "ओळखत नाय? आमच्या चार पिढ्या या होळीत गेल्या!" धाकटे हळूच म्हणाले, "जाऊ दे रे. पोराचा हाय तो. पोरगा तरी कुठं ओळख ठेवतो आता."

मी त्या दिवशी मुक्कामालाच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरड्याने जाग आली. मागे जाऊन बघतो तर विहिरीच्या एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला धाकटे, दोघांच्याही हातांत उघडे लॅपटॉप. विंडोजवर थोरल्यांचं नाव, मॅकवर धाकट्यांचं.

"तुझा कम्प्यूटर लबाड!"

"तुझ्या सुनेचा लबाड!"

सहा वर्षांतले हे पहिले शब्द. माझं लक्ष मॅकच्या कोपऱ्यात गेलं. घड्याळ अजून मुलाच्या देशातलंच चालत होतं आणि तिथे अजून कालचा दिवस होता. वहीतला स्वल्पविरामसुद्धा दोनदा तपासणाऱ्या मामांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं! मी पुढे झालो, तशी मामांनी मागून माझी कॉलर धरली. "थांब, जावई. बोलू दे."

भांडण लॅपटॉपवरून फणसावर गेलं, फणसावरून धाकट्यांचा हात लहानपणी त्याच झाडावरून पडून मोडला होता त्यावर गेलं, आणि तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन वैद्याकडे पळालं कोण, या थोरल्यांच्या सवालावर येऊन थांबलं. मग दोघांनीही लॅपटॉप मिटले. घड्याळ मी नंतर दुरुस्त केलं.

बोअर रद्द झाली. आता दोन्ही लॅपटॉप बरोबर दिवस सांगतात, पण ते उघडतं कोण? रोज सकाळी थोरले आपल्या अंगणातून ओरडतात, "आज पानी कोनाचं रं?" आणि धाकटे आपल्या अंगणातून ओरडून सांगतात. मधल्या घरावरून सवालजवाब जातात.

मागच्या रविवारी सकाळी वाडीत गेलो तेव्हा मी मामांना विचारलं, प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकायची का.

"कोनासाठी?" ते हसले. मग ओटीवरून रस्त्याकडे बघत म्हणाले, "सहा वर्षं दोघंबी रोज माझ्याकडे यायचे. तक्रार घेऊन का होईना, चहा पिऊन जायचे. आता कोन येत नाय."

"मामा," मी म्हणालो, "आज पाणी कोणाचं?"

उत्तर मघाशीच दोन्ही अंगणांतून ऐकू आलं होतं. तरी मामा उठले, चष्मा लावला आणि मशीन चालू करायला आत गेले.