नानांची लाथ

नानांच्या ओट्यापाशी माणूस आला की रामराम करायचा आणि लगेच त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा. "मारा नाना." नाना खेकसायचे, "चालता हो!"

कारण एवढंच, की नाना पायाळू होते. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेले. आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात. लाथ बसली की उसण पळते म्हणे. धरणगावात तेव्हा दुसरा पायाळू कुणाला ठाऊक नव्हता. आणि जो होता त्यानं धुळ्याच्या शाळेत ड्रिलमास्तरकी केलेली. मल्लखांबावरून पडून पाठ मोडून घेतलेली, आणि जमिनीवर निजून, हळूहळू हातपाय हलवत, ती स्वतःच सुधारलेली. अशा माणसाचा लाथेवर विश्वास बसणार कसा? पेन्शन घेऊन ते गावी आले तेच मुळी हा निजून करायचा व्यायाम लोकांना शिकवायला. रोज सकाळी ओट्यावर सतरंजी अंथरत. तिच्यावर येऊन झोपे ते आमचं मांजर.

माणसं आली तरी प्रश्न विचारायला. आणि प्रश्न तरी काय एकेक! "झोपीसन कुठे कसरत व्हस का, नाना?" "घाम ते येस नही!" "खुराक काय? दूध किती, बदाम किती?" एका पैलवानानं हसत विचारलं, ही आजाऱ्यांची कसरत का म्हाताऱ्यांची? नानांनी त्याला निजवलं. म्हणाले, पाय वर धर, कंबर जमिनीला टेकलेली ठेव आणि पाय हळू खाली आण. निम्म्यावर येताच पैलवानाचे पाय लटलटायला लागले. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "तरी घाम नाही आला." नानांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी माझी थोरली बहीण, शेवंताक्का, नशिराबादहून बैलगाडीत आडवी होऊन माहेरी आली. दुसऱ्या बाळंतपणात तिची पाठ गेली होती. वाकता येईना, कळशी उचलेना, जात्यावर बसवेना. तान्ही मुलगी तेवढी बरोबर दिली होती, तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा सासूनं ठेवून घेतला आणि निरोप धाडला, "दिवाळीपर्यंत कामाला उभी राहिली तर ठीक. नाहीतर आम्ही आमच्या पोराला दुसरी बायको बघतो." अक्का भिंतीकडे तोंड करून पडून असे आणि मुलाचं नाव घेई.

आई तडक शेजारी नानांकडे गेली. "नाना, एक लाथ मारी द्या मनी पोरले."

"लाथेनं पाठ बरी होत असती, तर कुंभाराच्या गाढवाला लोक वैद्य म्हणाले असते, वहिनी. पोरीला जमिनीवर निजवा. मी सांगतो तसं करू दे."

आईनं पदर तोंडाला लावला. परक्या पुरुषापुढं निजायचं? बाईमाणसानं कसरत केली तर कूस सरकणार नाही का? आणि जन्मभर दळणकांडण केलेल्या बाईला वर आणखी व्यायाम कशाला? परक्या पुरुषासमोर निजायचं नाही, पण त्याच परक्या पुरुषाची लाथ मात्र चालेल! हा हिशेब मला तेव्हा कळला नाही आणि आता केस पांढरे झाले तरी कळत नाही.

शेवटी तोड निघाली. अक्का आत घोंगडीवर, मी दारात, आणि नाना आमच्या ओट्यावर, घराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. तिथून ते ओरडत, "पोट आत! बेंबी पाठीला लागली पाहिजे!" रस्त्यानं जाणारा एखादा ढेरपोट्या व्यापारी दचकून पोट आत घ्यायचा. "श्वास कोंडू नकोस! छाती आहे का पेटी? सोड, सोड!" मी आत बघून सांगायची, सोडला. मग पुढचं. आठवडाभरात अक्का रडकुंडीला आली, काहीच फरक नाही म्हणून. नाना रस्त्याकडे बघतच गरजले, "आज पेरलं आणि उद्या कापूस वेचायला निघाली! धीर धर, बये."

अक्कानं धीर धरला, मुलासाठी धरला. आणि एका सकाळी रडणाऱ्या तान्हीला तिनं स्वतः वाकून उचललं. आई आणि मी दोघी रडलो. ओट्यावरून नाना ओरडले, "रडता काय? पाठ सरळ होती का तेवढं सांगा!"

दिवाळीच्या तोंडावर सासू आली. अक्कानं तिच्यादेखत भरलेली घागर उचलून दाखवली. सासू म्हणाली, "आज उचलली. घरी नेल्यावर पुन्हा धरली म्हणजे? लाथ घेतली का?"

नाही म्हटल्यावर तिनं डोळेच वटारले. "पायाळू शेजारी, आणि लाथ घेतली नाही? निजून निजून पाठ बरी झालेली मी तरी ऐकली नाही. अशी सून मी नेत नाही."

नानांनी तिला समजावलं. पोटाचं बळ, पाठीचा कणा, सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात अक्का आतून ओट्यावर आली आणि नानांकडे पाठ करून उभी राहिली.

"मारा नाना," ती म्हणाली. "माझं पोर तिकडं आहे."

नानांनी वहाण काढली, पायावर पाणी घेतलं आणि तिच्या पाठीला अंगठा टेकवला. "श्वास सोड," एवढंच पुटपुटले.

"बघा, तोंडावर लगेच तेज आलं!" सासू म्हणाली. अक्का त्याच दिवशी सासरी गेली.

सासूनं नशिराबादभर डांगोरा पिटला. मग काय, रोज ओट्यापुढं पाठींची रांग. एकाला हो म्हटलं होतं, दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? सतरंजी तर कुणी उलगडूही देईना. संक्रांतीनंतर नानांनी घराला कुलूप लावलं आणि धुळ्याला पुतण्याकडे निघाले.

मी मोटारीपर्यंत गेले आणि भांडलेच. "जन्मभर नाही म्हणालात, त्या दिवशीही म्हणायचं होतंत! आता सारा मुलूख म्हणतो, अक्का लाथेनं बरी झाली. तुमचं सगळं खोटं पडलं."

नानांनी सतरंजीची वळकटी टपावर चढवून दिली आणि हात झटकले.

"माझं खरं झालं असतं, आणि ते पोर आईवाचून वाढलं असतं," ते म्हणाले. "असलं खरं काय चाटायचंय मला?"