मान्यता येण्याआधीचं उड्डाण

विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मी होते म्हटलं की लोक उगीच आदराने बघतात. बघू नका. मी पनवेलच्या ऑफिसात फळ्यासमोर उभी राहून मुलांना हवामान शिकवायचे. प्रत्यक्ष उड्डाणं घाटावरच्या धावपट्टीवर व्हायची.

त्या पावसाळ्यात शाळेच्या सरकारी मान्यतेची मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज दिल्लीत पडून होता आणि 'आज येईल, उद्या येईल' चाललं होतं. मान्यता नसताना केलेले उड्डाणाचे तास लायसन्सला धरत नाहीत, म्हणून मुख्य प्रशिक्षकांनी मुलांना थांबवून ठेवलं. मुलं बिचारी कंटाळून माझे तेच ते ढग पुन्हा शिकत बसली.

त्यांत उरणकडच्या कोळ्याची एक मुलगी होती. बापाने होडी विकून तिला इथे घातलं होतं. एक दिवस तो ऑफिसात आला.

"मॅडम, नारली पुनवेला पोरीला वर जाऊ द्या. आमच्यात त्या दिवशी दर्याला नारल दिला का होडी लोटायचीच. पयली फेरी त्याच दिवसाची."

मी हुरळले. मागच्या खेपेला मान्यता जुन्या तारखेपासून मिळाली होती, यंदाही तशीच मिळेल, असं त्याला छातीठोकपणे सांगितलं. मग प्रशिक्षकांमागे भुणभुण लावली. ते वैतागून हो म्हणाले.

पौर्णिमेला मुलगी उडाली. बापाने धावपट्टीच्या कुंपणाबाहेर नारळ फोडला म्हणे. त्यानंतर तिला थांबवायचं कुणी? एकदा लोटलेली होडी परत किनाऱ्याला बसवत नाहीत, असं बापाचं म्हणणं, आणि मीही दर आठवड्याला प्रशिक्षकांना 'आता सुरू झालंच आहे तर' म्हणत राहिले. बाकीची मुलं खाली बसून तिचा हेवा करायची. मला तर फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

मान्यता आली ती कागद हातात पडला त्या दिवसापासूनची. आधीचं काहीही धरलं नाही. थांबलेल्या मुलांचं काहीच गेलं नाही, हिचे जवळजवळ सगळे तास मातीत गेले. पैसे परत द्यायला शाळेने हात वर केले, इंधन जळलं ते जळलं म्हणून. मी ऑफिसात कडाकडा भांडले. पण त्याच तोंडाने मी शब्द दिला होता, त्यामुळे माझं कोण ऐकणार?

नाव काढून घ्यायला बाप आणि मुलगी दोघं आली. मी माफी मागितली. शरमेने त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"तुमची काय चूक, मॅडम? दिवस आमीच धरला," तो म्हणाला. "पन आता दुसरी होडी नाय."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर त्या खाऊन मी मोकळी झाले असते. त्याला मात्र खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं होतं. "एक सांगा. तास धरले नायत, मंजे पोरगी उडालीच नाय का?"

"उडाली, दादा. फार छान उडाली," मी घाईघाईने म्हणाले.

मुलगी पिशवी उचलून बापाला म्हणाली, "बाबा, त्यांना काय विचारता? त्या खाली होत्या."